पालकसभेला कोण जाणार?

गेल्या महिन्यात एका गुरुवारी रात्री ताईचा एक फॉरवर्ड आला. खाली तिचा स्वतःचा एकही शब्द नव्हता. चिमीच्या शाळेचा मेसेज होता. शनिवारी पीटीएम, तुमची वेळ ९.४० ते ९.५०, कृपया वेळेवर यावे, मुलांना वर्गात आणू नये. मी ऑफिसच्या कॉलवर होतो, म्हणून नुसता अंगठा टाकला. पाच मिनिटांनी त्याच नंबरवरून चिमीचा व्हॉइस मेसेज आला, दबक्या आवाजात. "मामा, शनिवारी तू ये ना. आई नको."

चिमी माझी भाची, पाचवीत आहे, इंग्लिश मीडियममध्ये. दाजी कंपनीची कॅब चालवतात. ताई घरून डबे करून देते, रोजचे पस्तीस-चाळीस. मी त्यांच्यापासून दोन किलोमीटरवर राहतो आणि कोड लिहितो. मी चिमीला फोन करून विचारलं, आई का नको? ती आधी म्हणाली, "तू इंग्लिशमध्ये बोलतोस." मग जरा थांबून म्हणाली, "आणि आई 'मी येतो, मी जातो' म्हणते. सगळे हसतात."

जे कोल्हापूरकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे बायका 'मी आले, मी जेवले' असं म्हणत नाहीत. 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात. आजी तसंच बोलायची, आई बोलते, ताई बोलते. तिकडची बोली आहे ती. पण पुण्यात बसच्या रांगेत ताईनं "मी उतरतो" म्हटलं की दोन माना वळतात. चिमीनं त्या माना मोजायला सुरुवात केली आहे, एवढाच त्या फोनचा अर्थ.

मी तिला झापणार होतो, पण झापलं नाही. मला तो अधिकार नव्हता.

२००९ साली मी सातवीत होतो. करवीर तालुक्यातलं आमचं गाव, तिथलं हायस्कूल. आई भाजी विकायची. एरवी गावात घरोघरी, आणि सोमवारी आठवडी बाजारात. बाबा हंगामात साखर कारखान्यावर असायचे. वर्गात सरांनी झेरॉक्सची एक पट्टी वाटली: शनिवारी सकाळी पालकसभा, खाली पालकांची सही. मागच्या बाकावरच्या एकानं लगेच विचारलं, "पालकसभेला पालक काय भावानं जुडी?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. मग ती पट्टी भूगोलाच्या पुस्तकात ठेवली आणि घरी दाखवलीच नाही. आईची सही सोपी होती, चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाची सुटी सुटी अक्षरं. ती मीच केली. सोमवारी सरांनी विचारलं, आई आली नाही? मी म्हणालो, गावाला गेली आहे. सरांनी मान हलवली आणि पुढच्या मुलाकडे वळले.

तर मी चिमीला म्हणालो, "बघू."

मीटिंगची तयारी कशी करायची हे मी आधी नेटवर शोधलं. सवयच तशी आहे. भरपूर याद्या मिळाल्या. पाच प्रश्न विचारा, वही-पेन न्या, शिक्षकांचे आभार मानून सुरुवात करा. सगळं ठीक होतं, पण त्या सगळ्या याद्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. पालक आणि शिक्षक म्हणजे समोरासमोर बसलेली दोन बरोबरीची माणसं. मला आठवत होत्या त्या पालकसभांमध्ये एक खुर्चीत असायचा आणि दुसरा दाराशी उभा. तेव्हा प्रश्न पडला की शाळेनं आईबापाला बोलावण्याची ही पद्धत आली कुठून, आणि बोलावून त्यांच्याशी काय बोलायचं असतं? इतिहास हा विषय मी दहावीनंतर सोडला होता. त्या दोन रात्री मात्र कामाची तिकिटं बाजूला ठेवून वाचत बसलो.

सरकारी शाळा येण्याआधी आपल्याकडे पंतोजींची शाळा होती. देवळाच्या ओवरीत नाहीतर कुणाच्या वाड्याच्या पडवीत भरायची. धूळपाटीवर अक्षरं, मग मोडी, पाढे, पावकी-निमकी, हिशेब. पंतोजींचा मोबदला कधी रोख, कधी धान्यात. पालकसभेची गरजच नव्हती, कारण धान्य देणारा बाप आणि ते घेणारा पंतोजी एकाच आळीत राहायचे. पोरानं काय दिवे लावले ते संध्याकाळी पारावर कळायचं. हे वाचून कुणाला गहिवर येत असेल तर आवरा. ती शाळा ठरावीक जातींच्या मुलग्यांची होती. मुलींना तिथं जागा नव्हती आणि ज्यांची सावली चालत नव्हती त्यांच्या मुलांना त्या ओवरीच्या पायरीवरही जागा नव्हती. त्यांच्या आईबापांना शाळेत बोलावण्याचा प्रश्नच कुणाला पडला नाही.

मला या सगळ्या वाचनात सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते गोविंदराव फुल्यांनी. जोतिबांचे वडील. पुण्यात त्यांचा फुलांचा व्यवसाय होता. जोतिबा १८२७ चे. सातव्या वर्षाच्या सुमारास वडिलांनी त्यांना मराठी शाळेत घातलं. चरित्रकार सांगतात की दुकानात काम करणाऱ्या एका ब्राह्मण कारकुनानं गोविंदरावांच्या मनात भरवलं की शिक्षण माळ्याच्या पोराच्या काही कामाचं नाही, उलट तो बिघडेल. गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढलं आणि बागेत कामाला लावलं. पुढची काही वर्षं शाळा बंद. मग शेजारचे दोघं मध्ये पडले. गफ्फार बेग मुन्शी, जे उर्दू-फारसी शिकवायचे, आणि लिजिट नावाचे एक ख्रिस्ती गृहस्थ. त्यांना मुलाची वाचनाची ओढ दिसत होती. दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतिबा स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले.

बघायला गेलं तर या दोन पालकसभाच आहेत. एकीत बापाला सांगितलं गेलं की तुमचा मुलगा शिकण्यासाठी जन्मलेला नाही. दुसरीत सांगितलं गेलं की तुमचा मुलगा हुशार आहे, त्याला शाळेत पाठवा. दोन्ही वेळा सांगणारा माणूस गोविंदरावांपेक्षा जास्त शिकलेला होता आणि दोन्ही वेळा गोविंदरावांनी ऐकलं. आपण त्यांना कच्च्या कानाचे म्हणू शकतो. मला तसं वाटत नाही. ज्यानं शाळा आतून पाहिलेली नाही, त्याच्याकडे समोरच्याचं म्हणणं तपासायला काही साधनच नसतं. आमच्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर सोर्स कोड दाखवायचा नाही आणि क्लायंटला विचारायचं, सांगा, बरोबर आहे ना? तो मान डोलावण्यापलीकडे काय करणार?

पुढे १८४८ मध्ये जोतिबांनी बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई शिकवायला उभ्या राहिल्या. लोकांचा दबाव पुन्हा गोविंदरावांवरच आला. १८४९ मध्ये त्यांनी मुलाला आणि सुनेला घर सोडायला सांगितलं. हा प्रसंग आपण नेहमी जोतिबा-सावित्रीबाईंच्या बाजूनं वाचतो, आणि तो तसाच वाचायला हवा. पण त्या घरात दाराशी उभा राहिलेला एक बापही होता, ज्याला आयुष्यभर कुणी ना कुणी येऊन मुलाच्या शिक्षणावरून जाब विचारत होतं. (भिडे वाडा आता नाही. स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये जुनी इमारत पाडली. दगडूशेठला जाता-येता मी ती कितीतरी वेळा पाहिली होती. एकदाही थांबलो नव्हतो.)

दरम्यान सरकारनं शिक्षणात लक्ष घातलं होतं. १८५४ च्या वूडच्या खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षण खातं आलं आणि त्याच्याबरोबर तपासनीस आले. खेड्यापाड्यात त्याला 'दिपोटी' म्हणायचे, डेप्युटी इन्स्पेक्टर. दिपोटी येणार म्हणून शाळा सारवायची, मुलांना धुतलेले कपडे घालायचे, उत्तरं घोटून घ्यायची. शाळेला पैसे द्यायची एक रीतही आली: निकालावर मोबदला. परीक्षेत इतकी मुलं पास, तर इतकं अनुदान. इथे एक मोठा बदल झाला, जो आजही आपल्या अंगावर आहे असं मला वाटतं. पंतोजी, वाईट असला तरी, बापाला बांधलेला होता. खात्याचा मास्तर दिपोटीला बांधलेला झाला. मुलाबद्दलचा अहवाल वर जाऊ लागला. ज्याचं मूल, त्याला काही सांगण्याची सोय त्या रचनेत कुठेच नव्हती.

१८८२ मध्ये हंटर आयोग आला तेव्हा जोतिबांनी त्याला निवेदन दिलं. तारीख १९ ऑक्टोबर. शाळेच्या पुस्तकात त्यातली एक ओळ असते: १२ वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. पण खाली बरंच काही आहे आणि ते थक्क करणारं आहे. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च वरच्यांच्या शिक्षणावर होतो, हा हिशेब तर आहेच. शिवाय ते म्हणतात की निकालावर मोबदला ही रीत गरिबांच्या शिक्षणाला लागू पडणार नाही, ज्यांना अजून शिक्षणाची गोडीच लागलेली नाही त्यांच्यात शाळा काढून मास्तर पोट कसं भरणार? दिपोटीच्या वर्षातून एका भेटीनं काही साधत नाही, तपासणी निदान दर तीन महिन्यांनी व्हावी, आणि मधूनमधून न कळवता. आणि मग शिक्षक कसा असावा याबद्दल त्यांनी सांगितलं आहे. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा आणि शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, म्हणजे तो लोकांत मोकळेपणानं मिसळेल, त्यांच्या गरजा त्याला कळतील. सोवळ्यानं अंतर राखून बसणाऱ्या मास्तरापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

मी ही मागणी तीन वेळा वाचली. यात कुठेही पालकसभा हा शब्द नाही, पण आईबाप आणि शिक्षक यांच्यात काय असायला हवं याचं यापेक्षा नेमकं वर्णन मला नंतरच्या कायद्यातही सापडलं नाही. आईबापानं शाळेच्या लायकीचं व्हावं असं ते म्हणत नाहीत. आईबापाशी बोलता येईल असा शिक्षक द्या, असं म्हणतात. ज्या माणसाच्या बापाला एका कारकुनानं एका वाक्यात फिरवलं होतं, त्यानं चाळीसेक वर्षांनी केलेली ही मागणी आहे.

सक्तीची मागणी मान्य व्हायला वेळ लागला, आणि सक्ती आली ती दंड घेऊन. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग केला आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मूल शाळेत नाही तर पालकाला दंड. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या विधिमंडळात ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असंच विधेयक मांडलं. त्यात एक तरतूद होती की ज्या घराचं उत्पन्न महिना १० रुपयांहून कमी, त्या मुलाला फी नाही. विधेयक १९१२ मध्ये पडलं, ३८ विरुद्ध १३. आणि आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मूल न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा १ रुपया दंड.

शाहू महाराजांचा हा दंड आमच्याकडे अभिमानानं सांगितला जातो. मीही सांगतो. पण गोखल्यांच्या विधेयकातला आकडा शेजारी ठेवून बघा. त्या काळात १० रुपये महिना ही गरिबीची रेघ मानली जात होती. म्हणजे तशा घराला दंड बसला तर तो महिन्याच्या कमाईचा दहावा हिस्सा. माझ्या पगाराचा दहावा हिस्सा कुणी चिमीच्या गैरहजेरीसाठी कापला तर मी काय करेन याचा विचार केला. बहुतेक चिमीला खांद्यावर टाकून शाळेत नेईन. म्हणजे दंड लागू पडत असणार. आणि महाराज नुसता दंड लावून थांबले नव्हते, १९०१ पासून ते एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करत होते, लांबून शिकायला आलेल्या मुलांच्या राहण्याची सोय करत होते. तरी एक गोष्ट उरते. शाळा आणि आईबाप यांची जी पहिली अधिकृत गाठ पडली, तिच्यात आईबाप आरोपी होते. ज्या घरात मूल गुरं राखल्याशिवाय चूल पेटत नव्हती, त्या घरानं शाळा पहिल्यांदा पाहिली ती पावतीच्या रूपात. पालकसभेला बोलावणं आलं की अजूनही कितीतरी घरांत पहिला प्रश्न येतो, "काय केलंस तू?" तो प्रश्न तिथूनच आला असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण त्याच वळणाचा आहे.

हे वळण उलटं फिरवलेली माणसंही होती. गिजुभाई बधेका मूळचे वकील, भावनगरला त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. मुलं त्यांना मिशीवाली आई म्हणायची. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करू लागल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. या मंडळींनी मुलांइतकंच आईबापांसाठी लिहिलं. मारू नका, घाबरवू नका, मुलाला स्वतः करू द्या. आज पालकत्वावर रील्स करणाऱ्यांनी नुसती त्यांची पानं वाचून दाखवली तरी दोन वर्षं पुरतील. पण तेही लिखाण वाचता येणाऱ्या आईबापांसाठीच होतं, आणि ताराबाईंना ते जाणवलं असावं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्ये गेलं.

तिथे मुलं शाळेत येत नव्हती. कुणी गुरं राखत होतं, कुणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन होतं. म्हणून दंडाची पावती न फाडता शाळाच उठून मुलांकडे गेली. पाड्यात कुणाच्या तरी अंगणात बसायचं आणि तिथेच मुलं जमवायची, ती अंगणवाडी. गुरं चरतात त्या कुरणात शिकवायचं, ती कुरणशाळा. अंगणात शाळा भरली की पालकसभा वेगळी घ्यावी लागत नाही. आई चुलीपाशी बसून सगळं ऐकत असते. खुर्चीत कोण आणि दाराशी कोण हा प्रश्न मिटतो, कारण दार तिचंच असतं. केंद्र सरकारनं १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हा शब्द उचलला आणि तो देशभर गेला. शब्दाइतकी त्यातली युक्ती गेली का, हे तुम्ही तुमच्या गल्लीतल्या अंगणवाडीकडे बघून ठरवा.

आता कायद्यावर येतो, कारण शुक्रवारी रात्री मी तिथे पोचलो आणि जागाच झालो. शिक्षण हक्क कायदा संसदेत मंजूर झाला ऑगस्ट २००९ मध्ये. मी सातवीत होतो, भूगोलाच्या पुस्तकात पट्टी लपवत होतो, तेच वर्ष. अंमल १ एप्रिल २०१० पासून. कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं आहेत: वेळेवर येणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं, आणि पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती देणं. कर्तव्यात कसूर झाली तर शिक्षकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. मूल शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हणून कलम १० आहे, पण त्याला दंड जोडलेला नाही. उलट कलम १३ म्हणतं की प्रवेश देताना मुलाची किंवा आईबापाची चाळणी परीक्षा घ्यायची नाही. घेतली तर शाळेला दंड, पहिल्यांदा २५,००० रुपयांपर्यंत, पुढे दर वेळी ५०,०००.

म्हणजे १९१७ चा बाण कागदावर तरी पूर्ण उलटा फिरला आहे. माहिती देणं हे शिक्षकाचं काम, ती घेणं हा पालकाचा हक्क. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक हवेत आणि समितीत निम्म्या बायका. आपल्या राज्याच्या २०११ च्या शुल्क कायद्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून चक्क सोडत काढून निवडतात. म्हणजे डबे करणारी बाई आणि आयटीतला मॅनेजर यांची चिठ्ठी एकाच डब्यात.

हे सगळं मी ताईला सांगायला शुक्रवारी रात्री तिच्याकडे गेलो. ती दुसऱ्या दिवशीचे वाटाणे सोलत होती. कलम २४ ऐकून म्हणाली, "म्हणजे ते त्यांचं कामच हाय होय? मला वाटायचं, आपल्याला बोलणी खायला बोलावत्यात."

"तू जाणार का मग?"

"चिमीनं तुला सांगितलंय ना यायला?" ती वर न बघता म्हणाली. तिला माहीत होतं. फोन तिचाच होता, व्हॉइस मेसेज तिच्याच नंबरवरून आला होता.

मी विषय बदलून चिमीचं प्रगतिपुस्तक मागितलं. गणितात 'वीक' आणि खाली शेरा, 'कॅन डू बेटर'. असले शेरे कसे लिहितात हे मला माहीत आहे. २०१० पासून आपल्याकडच्या शाळांत वर्णनात्मक नोंदी आल्या. एकेका मुलाचं निरीक्षण करून त्याच्याबद्दल शब्दांत लिहायचं. कल्पना सुंदर होती. पण एका वर्गात पन्नास-साठ मुलं, आणि लवकरच तयार नोंदींच्या याद्या फोनवरून फिरू लागल्या. कॉपी, पेस्ट. मी शिक्षकांना नावं ठेवत नाही. माझ्या टीममधल्या चौघांच्या अप्रेझलमध्ये मी काय लिहितो ते मला विचारू नका.

मी गणिताची वही उघडली. गुणाकार-भागाकार बरोबर होते. अपूर्णांक बरोबर. शाब्दिक उदाहरणं सगळी कोरी. मी म्हणालो, कठीण जात असतील. ताईनं वाटाण्याचं ताट बाजूला केलं. "कठीण कशानं जातील? माझ्या डब्यांचा महिन्याचा हिशेब हीच करती. कुणाचे सव्वीस दिवस, कुणाचे बावीस, कुणाची अर्धी पोळी-भाजी, कुणी आगाऊ दिलेत. एक रुपया चुकत नाही." मग तिनं चिमीला हाक मारली आणि मला म्हणाली, त्यातलं एक मराठीत वाच. मी वाचलं. एका दुकानदारानं अमुक किलो साखर, तमुक भावानं. चिमीनं उभ्या उभ्या उत्तर सांगितलं. तेच इंग्रजीतून वाचायला दिलं तर 'रिमेनिंग' या शब्दावर अडकली आणि गप्प झाली.

आठवडाभर मी मीटिंगची तयारी करत होतो. इंग्रजीत चार मुद्दे लिहून ठेवले होते, त्यात 'फाउंडेशनल न्यूमरसी' असाही एक होता. चिमीची अडचण गणिताची नसून भाषेची आहे हे त्या चार मुद्द्यांमधून कधीच बाहेर आलं नसतं. ते त्या घरात एका माणसाला माहीत होतं, आणि त्यालाच आम्ही दोघं मामा-भाची घरी बसवायला निघालो होतो.

त्या रात्री चिमीशी मी पट्टीबद्दल बोललो. भूगोलाचं पुस्तक, सही, सगळं. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "आजीला कळलं का?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "मग तू पण सांग. मग मी आईला जाऊ देते." असा सौदा झाला. दहा वर्षांच्या मुलीनं केलेला सौदा म्हणून बघितलं तर चांगला होता.

ताईनं एका डब्याच्या बिलाच्या मागे तीन गोष्टी लिहिल्या, मराठीत. हिला उदाहरण वाचून दाखवलं तर येतं का, ते बघाल का? ही वर्गात कुठे बसते? ही बोलते का कुणाशी? तिसरा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

शनिवारी मी आणि चिमी गेटबाहेर गाडीवर बसून होतो. आधीच्या पालकांनी वेळ खाल्ला, त्यामुळे ताईला दहाऐवजी सात मिनिटं मिळाली. बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. गाडीवर बसता बसता तिनं सांगितलं. मॅडमनी इंग्रजीत सुरुवात केली. ताई म्हणाली, मॅडम, मराठीत बोलूया का? मॅडमनी एकदा दाराकडे बघितलं, खुर्ची जरा पुढे ओढली, आवाज खाली केला आणि मराठीत बोलायला लागल्या. वर्गात एकोणपन्नास मुलं आहेत, वाचून दाखवायला होत नाही, पण पुढच्या चाचणीत हिला वेगळं बसवून वाचून दाखवते, म्हणाल्या. 'वीक' हा शेरा खोडला नाही. चिमी तिसऱ्या बाकावर बसते आणि डब्याच्या सुट्टीत खूप बोलते.

"'मी येतो' म्हणालीस?" चिमीनं विचारलं.

"म्हणालो की. त्या म्हणाल्या, या."

रात्री मी आईला फोन केला. आधी जेवणखाण, पाऊसपाणी झालं. मग एका दमात पट्टीचं सांगून टाकलं. पलीकडून बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज येत होता. मग आई म्हणाली, "आरं, ते व्हय? ते सरांनी मला तवाच सांगितलं हुतं."

"कधी?"

"सोमवारी. बाजारात. दर सोमवारी यायचे की मेथी न्यायला. तुझं सगळं तिथंच कळायचं मला. पोरगं गणितात बरं हाय, त्याला शिकू द्या म्हणून त्यांनीच सांगितलं. सभेचं इचारलं, तर म्हणाले, ऱ्हाऊ दे, त्याला काय बोलू नका."

मला काही सुचेना. मी विचारलं, मग तू मला का नाही बोललीस?

"सर नको म्हणाले हुते," आई म्हणाली. "माणूस चांगला. पर मेथीत घासाघीस लई करायचा."